भारी पाण्याचा झोत : खारे पाणी समुद्रात सोडल्यावर काय होते?

प्रस्तावना



शास्त्रीय विषय मराठीतून कसा समजावून सांगावा, हे प्रस्तुत घटकात आपल्याला पाहायचे आहे. त्यासाठी नियम सांगत बसण्याऐवजी एकच विषय घेऊन तो शेवटपर्यंत नेला आहे. विषय असा : समुद्राच्या पाण्यापेक्षा भारी असलेले खारे पाणी नळाच्या तोंडातून समुद्रात सोडले, तर ते कोठे जाते? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटेल. परंतु तुमच्यापैकी जे तेल्हारा, अकोट, दर्यापूर किंवा शेगाव परिसरातून हा अभ्यासक्रम करीत आहेत, त्यांच्या घराजवळ या प्रश्नाची एक लहान आवृत्ती रोज वाहत असते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेल्हारा तालुक्याचे उत्तर टोक सातपुड्याच्या पायथ्याला लागते. तिकडे वारी भैरवगडजवळ वान नदीवर धरण आहे आणि ८४ खेडी योजनेच्या नळांतून येणारे गोडे पाणी त्याच धरणाचे. तालुक्यात दक्षिणेकडे, पूर्णेच्या दिशेने उतरत जावे तसे विहिरीचे व बोअरचे पाणी आधी मचूळ आणि मग खारट लागते. नळाला पाणी नसेल त्या दिवशी लोक आरओचा कॅन आणतात. आरओचे यंत्र पाण्याचे दोन भाग करते. एक भाग गोडा होतो आणि त्याच्यातले मीठ दुसऱ्या भागात जाऊन बसते. या दुसऱ्या भागाला यंत्र बसविणारा मिस्त्री ‘रिजेक्ट’ किंवा सरळ ‘वेस्ट पाणी’ म्हणतो. ते नालीत जाते आणि आपण ते विसरतो. यंत्र मीठ नाहीसे करीत नाही, त्याची फक्त जागा बदलते. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

हेच काम कोट्यवधी लिटरच्या मापाने करण्याची योजना मुंबईत आखली गेली आहे. मालाडच्या पश्चिमेला, खाडीपलीकडे मनोरी हे गाव आहे. तेथे समुद्राचे पाणी गोडे करून दिवसाला २० कोटी लिटर आणि पुढे वाढवून ४० कोटी लिटर पाणी शहराला द्यावे, असा बृहन्मुंबई महानगरपालिकेचा प्रकल्प आहे. त्याच्या अहवालासाठी २०२१ मध्ये इस्रायलमधील एका कंपनीशी करार झाला. पुढे निविदांचे सोपस्कार सुरू झाले. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० पासून आणि नेम्मेली येथे २०१३ पासून असे प्रकल्प चालू आहेत. त्या प्रत्येकाची क्षमता दिवसाला १० कोटी लिटरची आहे.

आता थोडे गणित करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आत घेतलेल्या पाण्यापैकी चाळीस-पंचेचाळीस टक्के गोडे होऊन बाहेर पडते; उरलेले साठ-पंचावन्न टक्के पाणी सगळे मीठ घेऊन परत जाते. म्हणजे दिवसाला २० कोटी लिटर गोडे पाणी हवे असेल, तर पंचवीस ते तीस कोटी लिटर अतिखारे पाणी समुद्राला परत द्यावे लागेल. त्याच्या एका लिटरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास क्षार असतील. गोड्या झालेल्या वीस कोटी लिटरमधून निघालेले मीठच दिवसाला सुमारे सात हजार टन भरते. जगभराचा हिशेबही असाच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार जगातील सुमारे सोळा हजार प्रकल्प दिवसाला साडेनऊ कोटी घनमीटर गोडे पाणी काढत होते आणि सव्वाचौदा कोटी घनमीटरच्या आसपास खारे पाणी बाहेर टाकत होते.

समुद्र एवढा मोठा, त्याला हे किती? हा पहिला प्रश्न कोणाच्याही मनात येतो आणि तो चुकीचा नाही. समुद्रातून काढलेले गोडे पाणीही शेवटी गटारांतून समुद्रालाच मिळते. त्यामुळे सबंध समुद्राची खारटता वाढत नाही. धोका आहे तो नळाच्या तोंडापासून पहिल्या काही मीटरांत, आणि तोही खालच्या अंगाला, तळाशी.

शब्दांची अडचण

विषयाच्या गाभ्यात जाण्यापूर्वी एका अडचणीशी थांबले पाहिजे, कारण ती आपल्या अभ्यासक्षेत्रातली आहे. या खाऱ्या पाण्याचे मुख्य लक्षण म्हणजे त्याची घनता अधिक असते. मग त्याला मराठीत काय म्हणावे?

‘दाट’ म्हणावे, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे दाट वरण किंवा दाट ताक येते. हे पाणी दाट नसते. ते साध्या पाण्याइतकेच पातळ असते, तसेच वाहते आणि पेल्यात ओतले तर कोणाला फरकही कळणार नाही. ‘घन’ म्हणावे, तर घन म्हणजे घट्ट पदार्थ, घन म्हणजे ढग आणि गणितात घन म्हणजे तिसरा घात. ‘जड’ हा शब्द सर्वांत जवळचा. पण त्याच्यावर आधीच दोन हक्क सांगितले गेले आहेत. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते आपल्याकडे ‘जड पाणी’. पाठ्यपुस्तके त्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. अणुभट्टीत वापरतात तेही ‘जड पाणी’च. तिसरा अर्थ त्याच शब्दावर लादला तर वाचकाची फसगत होणार.

म्हणून या घटकात ‘भारी पाणी’ असा शब्द वापरला आहे. तरुण मुले हल्ली ‘भारी’ हा शब्द कौतुकासाठी वापरतात, त्याला इलाज नाही; पण ‘वजनाने अधिक’ हा त्याचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे आणि येथे तोच हवा आहे. भारी म्हणजे किती? समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचे वजन साधारण १,०२५ किलो असते. प्रकल्पातून बाहेर पडणारे खारे पाणी त्याहून सुमारे वीस किलोने अधिक भरते. फरक दोन टक्क्यांचा. एवढाच, पण या दोन टक्क्यांवर पुढचे सगळे ठरते.

दुसरा शब्द ‘झोत’. धार स्वतःच्या वजनाने खाली पडते. झोताला मागून रेटा असतो. बंबातून निघतो तो झोत, ओचरातून पडते ती धार. नळाच्या तोंडाशी आपल्या खाऱ्या पाण्याचा झोत असतो आणि थोड्या अंतरावर, रेटा संपल्यानंतर, त्याची धार होते. मराठीने हा भेद दोन साध्या शब्दांत आधीच करून ठेवला आहे.

‘सांडपाणी’ या शब्दाविषयीही सावध असावे. त्याने मलमूत्राचे, न्हाणीचे पाणी सुचते. खारे पाणी त्या अर्थाने घाण नसते. परंतु ते निव्वळ समुद्राचे पाणीही उरलेले नसते. पडद्यांवर क्षारांचे थर बसू नयेत म्हणून घातलेली रसायने आणि गाळण्या धुतल्यावर निघालेला गाळ त्यात मिसळलेला असू शकतो.

उलटी टांगलेली चिमणी

पारसच्या औष्णिक विद्युत केंद्राची चिमणी तुमच्यापैकी अनेकांनी रेल्वेतून जाताना पाहिली असेल. तोंडातून निघताना धूर चिमणीच्या रुंदीएवढाच असतो. वर जाताना तो फुगत जातो, वाऱ्याने वाकतो आणि शेवटी आकाशात कोठे संपला ते सांगता येत नाही. तो वर जातो कारण तो गरम, म्हणून हलका असतो. तो फुगतो मात्र वेगळ्या कारणाने. धुराच्या कडांशी लहानमोठे भोवरे तयार होतात आणि ते आजूबाजूची स्वच्छ हवा आत ओढून घेतात. धूर जितका पुढे जाईल तितकी परकी हवा त्यात शिरते आणि तितका तो विरळ होतो. शेजारचे आत ओढून घेणे हा प्रत्येक झोताचा स्वभाव आहे. जी. आय. टेलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या ओढून घेण्याला गणिताचे रूप दिले. चिमणीपासून ज्वालामुखीपर्यंत आजही तोच विचार वापरतात.

मुंबईचे मैलापाणी वरळी आणि वांद्रे येथून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या बोगद्यांतून समुद्राच्या तळाशी सोडले जाते. ते जवळजवळ गोडे, म्हणून समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते. ते चिमणीच्या धुरासारखे वर चढते आणि वाटेत भोवतालचे पाणी ओढून घेत विरळ होते. खोल जागी सोडले की त्याला चढायला उंची मिळते आणि मिसळण्याचे काम आपोआप होते.

खाऱ्या पाण्याची गोष्ट याच्या उलट आहे. ते तळाशी नुसते सोडून दिले तर त्याला पडायला अंतरच नसते. ते तळावर पसरते, मिसळत नाही आणि चटईसारखे आंथरले जाते. भारी पाण्याची चिमणी समजा उलटी टांगलेली आहे, आणि तीही जमिनीला टेकवून. तिचा धूर जाणार कोठे?

हे प्रत्यक्ष पाहणे फार सोपे आहे. एक मोठी पारदर्शक काचेची किंवा प्लास्टिकची बरणी घ्या, तीन चतुर्थांश साध्या पाण्याने भरा आणि पाणी निवळू द्या. दुसऱ्या एका पेल्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्यात शाईचे चार थेंब टाका. औषधाच्या दुकानात मिळणारी सिरिंज बिनसुईची घ्या, शाईचे पाणी तिच्यात ओढा आणि तिचे तोंड बरणीच्या तळापाशी नेऊन आडवे धरून हळूच दाबा. निळे पाणी तळावर पसरेल आणि बराच वेळ तसेच पडून राहील. वरचे पाणी स्वच्छ. आता पाणी बदला आणि तोंड सरळ वर करून जोरात दाबा. निळा फवारा वर उडेल, थांबेल आणि स्वतःच्याच अंगावर कोसळेल. वर जाणाऱ्या झोताला भोवतालचे स्वच्छ पाणी हवे होते; त्याऐवजी त्याला स्वतःचेच खाली येणारे खारे पाणी गिळावे लागते. तिसऱ्यांदा पाणी बदला आणि तोंड तिरपे धरा, आडव्यापेक्षा उभ्याच्या जवळ. या वेळी झोत कमान करून वर जाईल आणि पलीकडे पडेल. पडताना त्याचा रंग किती फिका झालेला आहे, ते पहिल्या प्रयोगाशी ताडून पाहा.

नीट पाहिलेत तर आणखी एक गोष्ट दिसेल. कमानीची वरची कड बरीच रेखीव असते. खालच्या कडेतून मात्र निळे तंतू सुटून खाली ठिबकत राहतात. वरच्या बाजूला हलके पाणी भारी पाण्यावर असते, ते तेथे निवांत असते. खालच्या बाजूला भारी पाणी हलक्यावर अधांतरी आलेले असते आणि संधी मिळताच गळते. म्हणून हा झोत दोन्ही अंगांनी सारखा नसतो. नुसत्या सूत्रांवर विसंबणाऱ्यांना ही गळती बरेच दिवस त्रास देत आली आहे.

साठ अंश आणि एक अंक

हा तिसरा प्रयोगच अभियंत्यांनी मोठ्या प्रमाणावर केला. तोटी तळापासून किती अंश वर झुकवली असता झोताचा प्रवास सर्वांत लांब होतो, याचा शोध १९७० च्या सुमारास अमेरिकेत घेतला गेला आणि उत्तर आले साठ अंश. फिलिप रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये स्थिर पाण्याच्या टाक्यांत साठ अंशांच्या झोताची काळजीपूर्वक मापे घेतली. त्यांचे आकडे आजही आराखड्यांत वापरले जातात. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या प्रकल्पाने २००६ पासून खारे पाणी अशाच साठ अंशांत झुकवलेल्या तोट्यांच्या रांगेतून सोडले आहे. किनारा उथळ असेल तर तीस ते पंचेचाळीस अंश बरे, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. ते का, हे लवकरच कळेल.

झोत किती उंच जाईल, कोठे पडेल, पडताना किती विरळ झालेला असेल, हे सगळे एका अंकात बसते. रेटा झोताला पुढे नेतो, वजन त्याला खाली ओढते. या दोघांच्या ताकदीचे गुणोत्तर म्हणजे फ्राउड अंक. विल्यम फ्राउड हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभियंता जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून मोठ्या जहाजांचे वर्तन ताडीत असे. त्याचे नाव या अंकाला मिळाले. तोटीतून पाणी जितके वेगाने निघेल तितका अंक मोठा. पाणी जितके भारी आणि तोटी जितकी रुंद, तितका अंक लहान.

एक उदाहरण घेऊ. तोटीचा व्यास २० सेंटिमीटर, वेग सेकंदाला ५ मीटर आणि पाणी समुद्रापेक्षा दोन टक्क्यांनी भारी. अशा वेळी फ्राउड अंक येतो साधारण २५. रॉबर्ट्स यांच्या मापांनुसार झोताची कमाल उंची म्हणजे व्यास गुणिले फ्राउड अंक गुणिले २.२ : येथे ११ मीटर. तो तोटीपासून सुमारे १२ मीटरांवर तळाला टेकेल. टेकताना त्याचे विरलन फ्राउड अंकाच्या १.६ पट, म्हणजे सुमारे ४० पट झालेले असेल.

आता तोटीचा व्यास निम्मा करा, १० सेंटिमीटर. वेग तोच ठेवा. फ्राउड अंक वाढून ३५ होतो. उंची घटून पावणेआठ मीटर होते आणि विरलन वाढून ५६ पट. दोन्ही गोष्टी आपल्या फायद्याच्या. लहान तोंडे अधिक चांगली मिसळतात आणि त्यांना खोलीही कमी लागते. म्हणून एका जाड नळातून सगळे पाणी ओतण्यापेक्षा नळाच्या अंगावर लहान तोट्यांची रांग बसवितात. अर्थात याची किंमत आहे. पहिल्या प्रकारच्या वीस तोट्यांतून जे पाणी जाईल, त्याला दुसऱ्या प्रकारच्या ऐंशी लागतील. त्या एकमेकींपासून पुरेशा दूर हव्यात, नाही तर शेजारचे झोत एकमेकांचे खारे पाणी गिळू लागतात. आणि बारीक तोंडांवर शिंपले-कालवे धरून ती बुजण्याची शक्यताही वाढते.

खोलीची अट विसरू नका. अकरा मीटर चढू पाहणाऱ्या झोताला आठ मीटरच पाणी मिळाले, तर तो पृष्ठभागावर आपटतो, कमान मोडते आणि मिसळण्याचा मार्ग तोकडा पडतो. कमी अंशांची तोटी झोताला कमी उंच नेते. उथळ किनाऱ्यासाठी तिची शिफारस होते ती यामुळे.

‘चाळीस पट’ म्हणजे काय?

आपण आताच ‘चाळीस पट विरलन’ असा शब्दप्रयोग केला. येथे भाषेचा एक खड्डा आहे आणि बातम्या लिहिणारे त्यात नेहमी पडतात. चाळीस पट विरळ झाले म्हणजे खारटता चाळिसाव्या हिश्श्यावर आली, असे कोणीही समजेल. तसे असते तर ६० ग्रॅमचे दीड ग्रॅम व्हायला हवेत, म्हणजे समुद्रात गोड्या पाण्याचे तळेच! खरे तर विरलन करणारे पाणीही खारेच आहे. चाळिसाव्या हिश्श्यावर येतो तो फक्त समुद्रापेक्षा जास्त असलेला भाग. साठातून पस्तीस गेले, उरले पंचवीस. पंचवीस भागिले चाळीस म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम. झोत टेकतो त्या जागी पाण्यात लिटरमागे ३५ ऐवजी ३५.६ ग्रॅम क्षार असतील. ऋतुमानानुसार किनाऱ्याच्या पाण्यात होणाऱ्या बदलांच्या मानाने हा फरक मोठा नाही.

म्हणजे नीट आखलेली तोट्यांची रांग, पुरेशी खोली आणि कायम टिकवलेला वेग असेल, तर भारी पाण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी दहा-पंधरा मीटरांत सुटतो. या वाक्यातील ‘असेल तर’ हे शब्द अधोरेखित करा. प्रकल्प अर्ध्या क्षमतेने चालला की त्याच तोट्यांतून निम्मे पाणी निम्म्या वेगाने निघते. फ्राउड अंक निम्मा, विरलनही निम्मे. काही तोट्या बंद करून उरलेल्यांचा वेग टिकवला नाही, तर कमी पाणी सोडूनही तळाशी अधिक खारटता साचेल. कमी सोडले म्हणजे कमी त्रास, हा आपला व्यवहारातला अंदाज येथे साफ खोटा ठरतो.

आणखी एक अट इतकी उघड आहे की ती लिहायचीच राहून जाते. विरलनाला पाणी लागते. समुद्रात ते अमर्याद आहे. तेल्हाऱ्याच्या नालीत मिसळायला दुसरे पाणीच नसते. तेथे झोत नाही, कमान नाही, फ्राउड अंकाला काही अर्थ नाही. रिजेक्ट पाणी मातीत मुरते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे राहते. खारपाणपट्ट्यातील काळ्या चिकण जमिनीचा निचरा मुळातच मंद. पावसाळ्यात त्यातले काही पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. उरलेले जमिनीतच थांबते. मनोरीपेक्षा हे प्रमाण नगण्य आहे. पण तेथे निदान आराखडा करणारा कोणी तरी आहे. गावोगावच्या आरओ केंद्रांच्या मागच्या नळाचा आराखडा कोणी करीत नाही, हे मला अधिक चिंतेचे वाटते.

तळावरून सरपटणारे पाणी

झोत तळाला टेकला की त्याचे रूप बदलते. रेटा संपलेला, पण थोडे वजन शिल्लक. हे पाणी आता तळाच्या उतारावरून संथपणे सरकते आणि सखल जागा दिसली की तेथे थांबते. काही अंतर ते आणखी मिसळत जाते. आपल्या पहिल्या उदाहरणात सुमारे ४५ मीटरांपर्यंत विरलन ६५ पटींपर्यंत पोहोचते. त्यानंतर मात्र भारी थर आणि वरचे पाणी यांच्यात एक प्रकारचा अबोला होतो. भारी थर खाली निवांत, हलके पाणी वर निवांत, भोवरे विझलेले. वरचा प्राणवायू खाली पोहोचणे मंदावते. तळाच्या चिखलात राहणारे जीव तो वापरीत असतात आणि भर पडत नाही. खारटतेइतकाच हा गुदमरण्याचा धोका महत्त्वाचा असतो. पर्थचा प्रकल्प एका अर्धबंदिस्त आखातात असल्यामुळे तेथे तळाच्या प्राणवायूवर विशेष लक्ष ठेवावे लागले. भूमध्य समुद्रातील पोसिडोनिया नावाचे सागरी गवत तर खारटतेतील थोड्या वाढीनेही सुकते, म्हणून स्पेनमध्ये त्याच्या कुरणांपासून नळ दूर नेण्याचा आग्रह धरला जातो. बार्सिलोनाजवळ खारे पाणी शुद्ध केलेल्या मैलापाण्यात मिसळून सोडतात. भारी आणि हलके यांची गाठ घालून दिली की दोघांचेही टोक बोथट होते.

सरपटणाऱ्या थराला उठवणारी शक्ती म्हणजे लाटा आणि प्रवाह. या बाबतीत मुंबईचा किनारा सुदैवी आहे. साडेचार मीटरांहून उंच भरतीचे इशारे आपण पावसाळ्यात वाचतो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर जाते, तेव्हा तळही ढवळून निघतो. परंतु कोळ्यांना विचाराल तर ते सांगतील की रोजचा समुद्र सारखा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, ओढ जबर असते. अष्टमीच्या आसपास भांग येतो आणि ओढ मंदावते. भरती संपून ओहोटी लागण्याच्या मधल्या वेळात तर पाणी जवळजवळ थांबते. स्थिर पाण्याच्या टाकीत घेतलेली मापे म्हणूनच उपयोगी पडतात. प्रवाह असेल तर बहुतेक वेळा निकाल त्याहून बराच येतो; आराखडा मात्र भांगाच्या थांबलेल्या पाण्याला पुरेल असा हवा. सरासरी प्रवाह धरून केलेल्या हिशेबावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मनोरी, गोराई, मढ या गावांतील मच्छीमारांनी या प्रकल्पाविषयी शंका घेतल्या आहेत. त्या शंकांना ‘समुद्र मोठा आहे’ हे उत्तर नव्हे, आणि ‘समुद्र मरेल’ ही घोषणाही नव्हे. उत्तर आकड्यांत देता येते : तोटी किती खोलीवर आहे, वेग किती, भांगाच्या दिवशी पन्नास मीटरांवर तळाशी खारटता किती वाढेल, आणि हे मोजणार कोण. जेथे पर्यावरणविषयक जनसुनावणी लागते, तेथे २००६ च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेतही द्यावा लागतो. हा सारांश कोणी तरी मराठीत लिहितो. त्याने ‘दाट सांडपाण्याचे चाळीस पट पातळीकरण’ असे लिहिले, तर तळाला जाळे टाकणाऱ्या माणसाला त्यातून काय कळावे? घट्ट, घाण असे काही तरी येणार आणि ते पाण्यासारखे पातळ होणार, असेच ना? दोन्ही चूक. प्रश्न विचारण्याची त्याची संधी त्या वाक्यातच संपते. असे सारांश लिहिण्याचे काम उद्या तुमच्यापैकी कोणाकडे येऊ शकते.

स्वयं-अध्ययनासाठी

बरणीचा प्रयोग करून पाहा आणि जे दिसले ते दीडशे शब्दांत, ‘घनता’ हा शब्द न वापरता, सातवीतल्या मुलाला कळेल असे लिहा. त्यानंतर पुढील वाक्य पुन्हा लिहा : ‘प्रकल्पातील सघन क्षारजल विसर्जित केल्यानंतर पन्नास मीटर परिघात पन्नास पट विरल होऊन निर्धोक होते.’ पुनर्लेखन करताना तीन गोष्टी वाचकापर्यंत पोहोचल्या पाहिजेत : पन्नासाव्या हिश्श्यावर नेमके काय आले, हे मोजमाप पृष्ठभागाचे की तळाचे, आणि त्या वेळी समुद्रात उधाण होते की भांग. मूळ वाक्यात यांपैकी कोणत्या गोष्टीचे उत्तर मिळत नाही, तेही नोंदवा आणि आपले लेखन संपर्कसत्राला सोबत आणा.